बांधावरची फांदी, कैऱ्या आणि 'कलम 133' : खुलासा

जळगाव-धुळ्याकडच्या गावगटांत सध्या एक मेसेज फिरतोय : 'शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली की तोडा, कैऱ्याही आपल्याच. तो भांडला तर कलम 133 खाली तहसीलदाराकडे अर्ज करा.'

फांदीचं अर्धं खरं आहे. हद्दीत आलेला भाग आपल्याच जागेत उभं राहून छाटता येतो. इंग्लंडमधल्या लेमन विरुद्ध वेब या 1895च्या निकालात हे तत्त्व मान्य झालं. पण कुऱ्हाड हद्दीपलीकडे गेली तर भरपाई आपल्या अंगावर येऊ शकते. कैऱ्या मात्र झाडमालकाच्याच, फांदी तोडली तरी. आणि जळगाव, भुसावळसारख्या शहरांत 1975चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. तिथे आधी वृक्ष अधिकाऱ्याला विचारा.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (CrPC) कलम 133 तर आता उरलेलंच नाही. 1 जुलै 2024पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152ने घेतली. तेही सार्वजनिक उपद्रवासाठी : गावाचा रस्ता अडला, सगळ्यांचं पाणी नासलं, असं काही. दोन घरांमधला खाजगी उपद्रव दिवाणी न्यायालयात जातो, मनाई हुकूम किंवा नुकसानभरपाई मागायला. तिथे त्रास खरा आणि मोठा असल्याचं दाखवावं लागतं. शेजारच्या गोठ्याचं पाणी रोज आपल्या भिंतीत मुरतंय, हे सांगता येईल. अंगणात पाला पडतो एवढ्यावर दावा टिकणं कठीण. फाल्गुनात निंब पाला टाकणारच! वकील गाठण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. हद्द नेमकी कुठे, हा प्रश्न न्यायालयात येणारच.