पंखे फिरतात, पण वारा कुठे आहे?

विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरसमोर घरगुती कूलर आणून मांडले जातात, त्याची छायाचित्रे काढली जातात आणि कर्मचाऱ्यांच्या कल्पकतेचे कौतुक होते. मला या कौतुकाचा मनस्वी संताप येतो. ज्या ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर, म्हणजे आतले तेल थंड करणाऱ्या पोकळ पाकळ्यांवर, कारखान्यानेच पंखे बसवून दिलेले असतात, त्याच्यासमोर कूलर ठेवण्याची वेळ येते याचा अर्थ मूळचे पंखे आपले काम करत नाहीत. ते का करत नाहीत, हे मात्र फोटो काढणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात येत नाही.

आमच्या १३२ केव्ही उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ४० आणि ५० एमव्हीए असे भार पेलण्याच्या क्षमतेचे दोन आकडे कोरलेले आहेत. गरम तेल आपोआप वर चढून रेडिएटरमधून खाली उतरते आणि थंड होते, तेवढ्या भरवशावर ४०. पंख्यांनी रेडिएटरवर वारा घातला तर ५०. भार ४० वरून ५० वर गेला की वाइंडिंगमध्ये (आतल्या तारांच्या वेटोळ्यांत) निर्माण होणारी उष्णता सव्वापट नव्हे, तर दीडपटीहून अधिक होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वरचे १० एमव्हीए निव्वळ पंख्यांच्या जिवावर उभे आहेत. भाराचे नियोजन करणारे खुशाल ५० धरून चालतात. वाइंडिंगवरच्या साध्या कागदी इन्सुलेशनचे तापमान ९८ अंशांच्या वर गेले की दर ६ अंशांमागे त्याची झीज साधारण दुप्पट वेगाने होते, आणि एकदा ठिसूळ झालेला कागद तेल कितीही वेळा गाळले तरी पूर्ववत होत नाही.

आता बसवण्याची तऱ्हा पाहा. मोटरी रिवाइंडिंग करून आणल्यावर कंत्राटदाराच्या माणसांनी त्या एका दुपारीच परत चढवल्या आणि मार्शलिंग बॉक्समधला, म्हणजे पंख्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीतला, स्विच टाकून दाखवला. सगळे पंखे घरघरत होते. मी पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरली, तेव्हा ती रेडिएटरच्या दिशेने फडफडण्याऐवजी उलट पंख्याच्या जाळीलाच जाऊन चिकटली. थ्री-फेज मोटरच्या दोन फेज अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. आणि एकाच दिशेसाठी घडवलेली पाती उलटी फिरली की वारा चुकीच्या बाजूला जातो, तोही निम्मा-अर्धाच. दिशा दाखवणारा बाण पंख्याच्या कडीवर होता, परंतु मागच्या रंगकामात रंगाऱ्याने त्याच्यावरही इमानेइतबारे राखाडी रंग फासला होता. कंत्राटदाराच्या सुपरवायझरचे उत्तर तयारच होते: ‘साहेब, फिरतोय ना? मग झालं की! तुम्ही सही करा, बाकी आम्ही नंतर बघतो.’

हे ‘नंतर’ आजवर कधी उजाडलेले नाही.

नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर ‘पंखे चालू’ असा दिवा आहे. तो कॉन्टॅक्टर, म्हणजे पंख्यांकडे वीज सोडणारा स्विच, ओढला गेला की लागतो. त्यापुढची वायर तुटलेली असो वा मोटरचे बेअरिंग जाम झालेले असो, दिव्याला त्याचे सोयरसुतक नसते. पंख्यांच्या संपूर्ण गटाला एकच एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, दिलेला आहे. टर्मिनल बॉक्समध्ये केबल वरून आत घेतलेली आणि तिच्याभोवतीची फट बंद करणारी ग्लँड सैल, त्यामुळे पहिल्या वळवाच्या पावसात एका मोटरमध्ये पाणी शिरते आणि तिच्यापायी बाकीचे धडधाकट पंखेही बंद पडतात. वाइंडिंगचे तापमान दाखवणाऱ्या उपकरणाचा बल्ब (तापमान टिपणारे टोक) ट्रान्सफॉर्मरवरच्या ज्या पॉकेटमध्ये बसतो, त्यात तेलच भरलेले नव्हते; मग काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवणार आणि ऑटोवर ठेवलेले पंखे उशिरा सुरू होणार, हे ओघानेच आले.

रेडिएटरच्या पाकळ्यांबद्दल काय लिहावे! जवळपासच्या जिनिंगमधून उडत आलेला कापूस आणि काळ्या मातीची धूळ यांचा त्यांच्यामध्ये असा काही लेप बसला आहे की सरळ फिरणाऱ्या पंख्याचाही वारा आरपार जाणार नाही. पाकळ्या धुण्यासाठी शटडाऊन मागितला की हिवाळ्यात रब्बीचे कारण सांगतात, उन्हाळ्यात भार जास्त असल्याचे सांगतात आणि पावसाळ्यात ‘पाऊस धुऊन काढेलच’ असे सांगतात.

या सगळ्याचे खापर शेवटी फुटते ते ड्युटीवरच्या माणसाच्या डोक्यावर. भर दुपारी तापमानाचा अलार्म वाजतो, भार कमी करण्याचा आदेश येतो, आम्ही फीडर (एकेका भागाला वीज नेणारी वाहिनी) बंद करतो आणि पुढच्याच मिनिटाला फोनवर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. ज्यांच्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांच्या रागाला मी काय उत्तर देणार? अहवालात कारण लिहिले जाते ‘अतिभार’. भार ४५ एमव्हीए होता, म्हणजे पाटीवरच्या आकड्याच्या आत होता, हे त्याच अहवालाच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलेले असूनही ते वाचण्याची तसदी कोणी घेत नाही.

काम ताब्यात घेण्याच्या नमुन्यात पंख्यांसाठी एकच ओळ आहे: ‘पंखे बसविले — होय/नाही’. तिच्यात फिरण्याची दिशा आणि प्रत्येक मोटरचा करंट असे दोन रकाने वाढवावेत, अशी मागणी मी लेखी केली. क्लॅम्प मीटर आणि कागदाची पट्टी घेऊन ही तपासणी अर्ध्या तासात होते. वरून उत्तर आले की नमुना ठरलेला असून त्यात बदल करण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही. मग त्याच नमुन्यावर कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयाला आहे, तेवढे तरी कळवावे.