सात तारीख आणि बिनव्याजी उसनवारी

"पगार सात तारखेऐवजी अठरा तारखेला झाला, एवढ्यावरून मालकाला गुन्हेगार ठरवणारा कायदा कधीही कारखाना न चालवलेल्या माणसानेच लिहिला असणार," असे आमच्यातल्या भोसरीकराने ठणकावून सांगितले आणि पौड रस्त्यावरच्या अमृततुल्यासमोरचा रविवारचा कट्टा त्या एका वाक्यावर अडकून पडला. भोसरीकराचे स्वतःचे जॉबवर्कचे वर्कशॉप आहे. वकील कामगार न्यायालयात मालकांची आणि कामगारांची अशी दोन्हींची कामे घेतो, त्यामुळे कट्ट्यावर त्याच्यावर कोणाचाच पुरता विश्वास नाही. हिंजवडीकर संगणक कंपनीत व्यवस्थापक असून आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, तर काका पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी-पगाराच्या खात्यातून, निवृत्त झालेले आहेत. वादाला निमित्त झाले ते आमच्याच सोसायटीच्या रखवालदारांचे. मागच्या महिन्याचा त्यांचा पगार एजन्सीने अजून दिलेला नव्हता, आणि विचारणा केल्यावर "तुमच्या सोसायटीचे बिल निघालेले नाही" असे उत्तर मिळाले होते.

वकिलाने आधी कायदा काय म्हणतो ते सांगितले. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून वेतन प्रदान कायदा १९३६, किमान वेतन कायदा १९४८, बोनस कायदा १९६५ आणि समान वेतन कायदा १९७६ या चारही कायद्यांची जागा तिने घेतली आहे. महिन्याच्या पगारदाराला पुढच्या महिन्याची सात तारीख संपण्यापूर्वी पैसे मिळाले पाहिजेत, आठवड्याने पगार घेणाऱ्याला साप्ताहिक सुट्टीच्या आधी, आणि रोजंदारीवाल्याला त्याच दिवशी पाळी संपताना. काकांनी लगेच सांगितले की त्यांच्या कारखान्यात दहा तारीख असे, आणि ते खरेच आहे, कारण जुन्या कायद्यात हजारापेक्षा कमी माणसे असतील तरच सातवा दिवस होता, मोठ्या कारखान्यांना दहाव्या दिवसापर्यंत सवलत होती. ती सवलत आता गेली.

हिंजवडीकर आतापर्यंत हा विषय आपला नाही अशा चेहऱ्याने चहा पीत होता. जुना कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू होता, त्यामुळे त्याच्यासारख्यांनी तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. संहितेत ही मर्यादा राहिलेली नाही आणि व्यवस्थापकही 'कर्मचारी' या व्याख्येत येतो, हे वकिलाने सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो फुल अँड फायनलचा. राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशोब दीड-दोन महिन्यांनी करण्याची त्याच्या क्षेत्रातली रीत सर्वांना ठाऊक आहे. संहिता सांगते की माणूस राजीनामा देऊन गेला, काढला गेला, कपातीत गेला किंवा आस्थापना बंद पडली, तरी त्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. "मग आमच्याकडे तर रोज कायदा मोडला जातो," असे हिंजवडीकर म्हणाला, आणि हे आपण व्यवस्थापक म्हणून बोलत आहोत की उद्या राजीनामा देणारा नोकरदार म्हणून, हे त्याने स्पष्ट केले नाही.

भोसरीकराचा मुद्दा मात्र तारखेचा नव्हता, रोकडीचा होता. त्याचे बडे गिऱ्हाईक माल घेतल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देते, बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा संपलेली असते, कच्चा माल रोख घ्यावा लागतो आणि तरीही सात तारीख दर महिन्याला येतेच. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण वकिलाने त्याला विचारले की सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा त्याला माहीत आहे का, कारण त्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलेले असले तरी लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. भोसरीकराला हे सगळे तोंडपाठ होते. लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी करायची 'उद्यम' नोंदणीही त्याने केलेली आहे. तरीही त्याने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही.

"तक्रार केली तर पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल," असे तो म्हणाला.

"तुझा वेल्डर लेबर ऑफिसात का जात नाही, त्याचे कारणही हेच आहे," असे काका म्हणाले, आणि त्यानंतर भोसरीकर थोडा वेळ गप्प बसला, जे आमच्या कट्ट्यावर क्वचितच घडते.

माझ्या मते या वादाचा गाभा इथेच आहे. महिनाभर काम करून पगाराची वाट पाहणारा माणूस मालकाला उधार देत असतो. पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत त्याने श्रम आधी दिलेले असतात आणि मोबदला नंतर यायचा असतो, म्हणजे सात तारखेला वेळेवर पगार झाला तरी तो उधारीवरच झालेला असतो. त्यापुढचा प्रत्येक दिवस ही मालकाला मिळालेली बिनव्याजी, बिनतारण उसनवारी असते, आणि ती देणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. बँकेकडून तेवढीच रक्कम घेतली तर व्याज पडते, कच्च्या मालाचे पैसे थकवले तर माल थांबतो, वीजबिल थकले तर जोडणी तुटते. त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की सगळ्यात आधी पगार थांबतो, आणि त्यासाठी मालक दुष्ट असण्याची गरज नसते, त्याला साधा हिशोब येत असला तरी पुरते. लहान पुरवठादाराच्या थकीत बिलावर आपोआप व्याज लावणाऱ्या आपल्या कायद्याने कामगाराच्या थकीत पगारावर तसे व्याज लावलेले नाही.

भोसरीकराने यावर दंडाचे आकडे पुढे केले, आणि ते आता पूर्वीपेक्षा मोठे आहेत हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. १९३६ च्या कायद्यात अशा कसुरीला दीड हजार ते साडेसात हजार रुपयांचा दंड होता. संहितेप्रमाणे देय रकमेपेक्षा कमी पैसे दिले तर पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. इतर तरतुदींच्या भंगाला वीस हजारांपर्यंत आणि नोंदवह्या नीट न ठेवल्यास दहा हजारांपर्यंत दंड आहे.

वकिलाने मात्र या आकड्यांच्या खालचे कलम वाचायला सांगितले. इतर तरतुदींचा भंग आणि नोंदवह्यांतील कसूर यांच्याबाबत खटला भरण्यापूर्वी निरीक्षकाने मालकाला लेखी निर्देश देऊन पूर्ततेची संधी द्यायची असते, आणि दिलेल्या मुदतीत पूर्तता झाली तर खटलाच उभा राहत नाही. पाच वर्षांत तोच भंग पुन्हा झाला तर ही संधी मिळत नाही. पगार पूर्ण पण उशिरा देणारा मालक 'कमी पैसे दिले' या कलमात बसत नाही, तो 'इतर तरतुदीं'मध्ये येतो, असे वकिलाचे वाचन आहे. म्हणजे पहिल्यांदा अठरा तारखेला पगार करणाऱ्याला निरीक्षकाचे पत्र येईल, ते येईपर्यंत बहुधा पगार झालेला असेल, आणि प्रकरण तिथेच मिटेल. त्या निरीक्षकाच्या पदाचे नावच आता 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' असे झाले आहे, आणि यातला सुलभकर्ता कोणाचे काम सुलभ करणार, असा प्रश्न काकांनी विचारला तेव्हा वकील नुसताच हसला.

खरा धाक दंडात नसून दाव्यात आहे, असे वकील म्हणाला, आणि हे मला पटले. थकलेल्या किंवा बेकायदा कापलेल्या रकमेसाठी कर्मचारी स्वतः, त्याची संघटना किंवा निरीक्षक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. पूर्वी त्याची मुदत बारा महिने होती, ती आता तीन वर्षे आहे. प्राधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि त्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा अशी अपेक्षा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. पाकिटातून रोख पगार वाटणाऱ्या आणि पावती न ठेवणाऱ्या मालकाने ही ओळ दोनदा वाचावी. तरीही उशिराचा प्रश्न उरतोच. जुन्या कायद्यात नुसत्या विलंबासाठीही दीड ते तीन हजार रुपयांची वेगळी भरपाई लिहिलेली होती, आता सरसकट दहापटीची तरतूद आहे, पण पूर्ण रक्कम हातात पडून गेल्यावर दहापट कशाची करायची, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो, असे वकिलाने कबूल केले.

दरम्यान कपातीचा विषय निघाला आणि काकांना सूर सापडला. त्यांच्या टाइम ऑफिसात दंडाची स्वतंत्र नोंदवही असे. कोणत्या चुकीला दंड होईल त्याची सूचना आधी मंजूर करून फलकावर लावावी लागे, कामगाराचे म्हणणे ऐकावे लागे, त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड करता येत नसे आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च करावी लागे. संहितेतही हे तीन टक्के कायम आहेत, म्हणजे पंधरा हजार वेतन असलेल्या माणसाला महिन्यात साडेचारशे रुपयांपेक्षा जास्त दंड होऊ शकत नाही. "मी दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापतो," असे भोसरीकर बेधडकपणे म्हणाला. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, दहा मिनिटांचे दहा मिनिटांपुरतेच पैसे जातील, असे वकिलाने त्याला ऐकवले.

मग चर्चा रखवालदारांकडे परत आली, कारण खजिनदार समोरच बसलेला होता. एजन्सीने पगार दिला नाही तर सोसायटीचा काय संबंध, असे त्याचे म्हणणे होते. संहितेप्रमाणे नेमणारा कंत्राटदारही मालकच असतो आणि त्याने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना आहे त्या कंपनीवर, संस्थेवर किंवा व्यक्तीवर जबाबदारी येते. गृहनिर्माण सोसायटीला आस्थापना म्हणता येईल का यावर वकील हवा तेवढा वेळ वाद घालू शकतात, हेही आमच्या वकिलानेच सांगितले. काकांना त्या वादात रस नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली ते कंत्राटदाराच्या पगारवाटपाला कारखान्याचे प्रतिनिधी म्हणून हजर राहत, प्रत्येक माणसाच्या हातात पैसे पडताना पाहत आणि पगारपत्रकाच्या शेवटी रक्कम आपल्या समक्ष वाटली गेल्याचा दाखला सही करून देत. एकदा कंत्राटदाराकडे नोटा कमी पडल्या तेव्हा त्यांनी सही केली नाही, आणि उरलेले पैसे संध्याकाळपर्यंत आले.

पैसा मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या मर्जीवर न ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यात व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्केवारीची जादा रक्कम, त्या कायद्याखालच्या मंडळाकडे भरतो आणि हमालाला पैसे मंडळाकडून मिळतात. पुण्यात हमाल पंचायत ही हमालांची संघटना आणि तिचे नेते बाबा आढाव यांच्यामुळे हे मार्केट यार्डात गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. त्याच धर्तीवर १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे, आणि त्याखाली रक्षकांचे मंडळ आहे. दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी जे साधत नाही ते अशा मंडळाने साधते, कारण तिथे कामगाराला कोणाविरुद्ध तक्रार करून पहिले पाऊल टाकावे लागत नाही. भोसरीकराला हे मान्य नाही. मंडळे आली की कागद वाढतात, लेव्हीचा बोजा पडतो आणि लहान धंदेवाला माणसे कमी करतो, असे त्याचे म्हणणे आहे, आणि बोजाबद्दलचे त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही.

शेवटी बिल का अडले ते कळले. दोन रात्री मागच्या फाटकावर कोणी नव्हते, म्हणून खजिनदाराने संपूर्ण बिलच थांबवून ठेवले होते. दोन रात्रींची रक्कम वादात ठेवून बाकीचे पैसे द्यायला कोणी अडवले होते, असे वकिलाने विचारल्यावर हिंजवडीकराने तिथेच मोबाइल काढून सचिवाला फोन केला. सोमवारी धनादेश द्यायचा, आणि पुढच्या महिन्यापासून रखवालदारांच्या खात्यांत पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा जोडल्याशिवाय एजन्सीचे बिल स्वीकारायचे नाही, असे तो म्हणाला. भोसरीकराने लगेच हरकत घेतली की मग एजन्सीने आधी स्वतःच्या खिशातून पगार करायचे आणि बिलाची वाट पाहायची, म्हणजे उसनवारी देणारा फक्त बदलला. वकिलाच्या मते एजन्सीने तोच धंदा पत्करलेला आहे आणि तिला निदान करारात व्याज लिहून घेता येते. मंडळाकडून रक्षक घेण्याचा प्रस्ताव काकांनी मांडला, तो वार्षिक सभेपुढे ठेवायचे ठरले आहे, आणि देखभाल शुल्क वाढणार असल्याने तो मंजूर होणार नाही असे खजिनदाराने आताच सांगून ठेवले आहे.