बेंबीतलं तेल डोळ्यापर्यंत जात नाही

माझ्या मावशीला 11 वर्षांपासून मधुमेह आहे. दिवाळीनंतर तिच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले, मग कोळिष्टकासारखं जाळं. तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. 19 दिवस ती रोज रात्री बेंबीत खोबरेल तेलाचे 3 थेंब सोडून झोपत होती, कारण भिशीच्या ग्रुपवर तसा मेसेज आला होता. मी राहायला गेले तेव्हा उशाशी स्टीलची वाटी आणि तेलकट कापसाचे बोळे दिसले, म्हणून विचारलं.

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. त्यात 62 वर्षांचे एक गृहस्थ आहेत, त्यांना अचानक डाव्या डोळ्याने दिसेनासं होतं, डॉक्टर सांगतात की डोळ्याच्या रक्तनळ्या सुकल्यात, आता उपाय नाही. मग नाभीचं माहात्म्य: तिथे 72,000 नसा जोडलेल्या आहेत, मागे ‘पेचोटी’ नावाची ग्रंथी आहे, ती कोणती नस सुकली ते ओळखते आणि तेल तिकडे पाठवते. खाली यादी. डोळ्यांना खोबरेल, गुडघ्यांना एरंडेल, ओठांना मोहरीचं, मुरुमांना निंबोळीचं, चेहऱ्याला बदामाचं.

आधी डोळ्याचंच बोलते, कारण माझा संताप त्यावर आहे. अचानक एका डोळ्याने दिसणं कमी होणं ही धावत दवाखाना गाठायची वेळ असते. डोळ्याच्या आतल्या पडद्याची मुख्य रक्तवाहिनी तुंबली तर काही तासांत पडदा कायमचा निकामी होतो. पडदा सुटला असेल, काचबिंदूचा झटका असेल, तरी थांबून चालत नाही. मेसेज नेमकं याच माणसाला सांगतो की डॉक्टरांकडे इलाज नाही, घरी झोप आणि तेल घाल. मावशीच्या डोळ्यात मधुमेहामुळे रक्तस्राव झाला होता. यावर लेझर आहे, इंजेक्शन आहे, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. ‘उपाय नाही’ हे धादांत खोटं आहे. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा तरी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा असतो. हे वाक्य त्या मेसेजमध्ये असतं तर मीच तो सगळ्यांना पाठवला असता.

आता ती ग्रंथी. ‘पेचोटी’ नावाची ग्रंथी माणसाच्या शरीरात नाही. शरीररचनेच्या कुठल्याही पुस्तकात बेंबीमागे काय असतं ते बघा. गर्भात असताना नाळेतून सगळं पोषण येतं, तेव्हा बेंबी खरोखरच जीवनाचं दार असते. जन्मानंतर त्या रक्तवाहिन्या मिटतात. यकृताकडे जाणाऱ्या नीलेची नुसती दोरी उरते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नाभीला शिरांचं मूळ म्हटलंय, हे मान्य. पण 72,000 हा आकडा हठयोगातल्या नाड्यांचा, म्हणजे प्राण वाहण्याच्या मार्गांचा आहे. त्या रक्ताच्या नळ्या नव्हेत, आणि ‘त्यांतून खोबरेल डोळ्यात जातं’ असं हठयोगही सांगत नाही.

एरंडेलाचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण एरंडेल हे खरंच औषध आहे. आमच्या आजीकडे महिन्या-दोन महिन्यांनी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल मिळायचं आणि दुपारपर्यंत पोट साफ व्हायचं. ते का व्हायचं? एरंडीच्या तेलात 85 ते 90 टक्के एकच आम्ल असतं, रिसिनोलिक आम्ल. लहान आतड्यातला पाचकरस तेल फोडून ते मोकळं करतो आणि ते आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतं. म्हणजे तेल गिळावं लागतं. बेंबीच्या कातडीवर तो पाचकरस नाही. शिवाय तेलाचा रेणू बोजड, साधारण 900 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप). धड कातडीतून 500 च्या वरचं सहसा आत शिरत नाही. तेल वरच्या थरात मुरतं आणि तिथेच राहतं. गुडघा दुखत असेल तर गुडघ्यालाच चोळा. निदान चोळल्याने आणि शेकल्याने बरं वाटेल.

कातडीवर बियांच्या तेलाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. उलट त्याचा भक्कम पुरावा आहे. ढाक्याच्या बाल रुग्णालयात 33 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या बियांचं तेल अंगभर लावलं गेलं, आणि तेल न लावलेल्या बाळांपेक्षा त्यांच्यात रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी आढळले. 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. कारण साधं आहे: या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि कातडीचा बाहेरचा बांध त्यावरच उभा असतो. आमच्या सोलापूरकडच्या करडईतही ते ठासून भरलेलं आहे. पण तेल जिथे लावलं तिथे काम झालं, सगळ्या अंगाला. बेंबीत 3 थेंब टाकून नव्हे.

ओठ फुटले तर ओठांना तेल लावा, संपलं. मोहरीचं मात्र लावू नका, ते चरचरतं. बदामाचं तेल चेहऱ्याला हवं तर चेहऱ्यावर लावा. निंबोळीचं तेल पिकावरच्या किडीला उत्तम, पण लहान मुलांच्या पोटात गेलं तर झटके येतात, मृत्यूही झालेले आहेत. ती बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. डोळ्यांच्या कोरडेपणावरच्या काही थेंबांत एरंडेल असतं हेही खरं, पण ते कारखान्यात निर्जंतुक केलेलं असतं आणि डोळ्यातच घालायचं असतं.

एक मुद्दा मेसेजमध्ये शेवटच्या ओळीत आहे आणि तो घातक आहे: ‘नवजात बाळालाही चालते.’ नाही चालत. नाळ गळून जखम भरेपर्यंत तिथे तेल, हळद, राख, काहीही लावायचं नसतं. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची, हेच जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्या आशाताईही दारोदार हेच सांगतात. त्या ओल्या जखमेतून जंतू थेट रक्तात जातात.

मेसेज पाठवणाऱ्या काकूंना मी फोन केला. त्या चांगल्या आहेत, मावशीवर त्यांची माया आहे. त्या म्हणाल्या, “अगं, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?” मी त्यांना तारखा सांगितल्या. जाळं दिसलं तो दिवस, आणि डॉक्टरांनी पडदा पाहिला तो दिवस. मधले 19 दिवस मोजायला त्यांना वेळ लागला नाही. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवरून मेसेज काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांची तपासणी कुठे करायची ते मला विचारलं. त्यांनाही 8 वर्षांपासून साखर आहे.