ली क्वान यू भाड्याने मिळत नाही

‘दहा वर्षं एक ली क्वान यू द्या, देश सुतासारखा सरळ येतो की नाही बघा.’ ली म्हणजे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान. भारतात लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत हे वाक्य कुठेही कानावर पडतं, आणि सिंगापूरहून सुट्टीवर आलेला कोणी समोर असला की सगळे त्याच्याकडे साक्षीदार म्हणून वळतात. अर्धी साक्ष आम्ही इथले, सिंगापुरातले मराठी लोक वर्षानुवर्षं देतच आलो आहोत. रात्री दोनला बायका एकट्या घरी येतात, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, वेळेवर येते, नळाचं पाणी तसंच प्यायलं तरी चालतं. सगळं खरं आहे. उरलेली अर्धी साक्ष मात्र कोणी मागत नाही आणि आम्हीही देत नाही.

बोलणाऱ्याच्या डोक्यातला क्रम ठरलेला असतो: आधी खमक्या माणूस, मग दंड आणि छडी, त्यातून शिस्त, आणि शेवटी मेट्रो. यातला पहिलाच दुवा कच्चा आहे. ली १९५९ मध्ये निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले आणि १९९० मध्ये पायउतार होईपर्यंत दर खेपेला मतदारांपुढे गेले. इथे मतदान सक्तीचं आहे, मोजणी चोख होते, पेट्या पळवल्या जात नाहीत. सत्ताधारी पीएपी (पीपल्स ॲक्शन पार्टी, लींचाच पक्ष) ज्या युक्त्या करते त्या मतपेटीच्या अलीकडे. १९८८ पासून बरेचसे मतदारसंघ जीआरसी पद्धतीचे आहेत: चार-पाच उमेदवारांचं पथक एकगठ्ठा निवडायचं, त्यात एक तरी अल्पसंख्याक हवा. हेतू उत्तम. पण छोट्या पक्षाला एकाच मतदारसंघासाठी पाच धड उमेदवार आणि माणशी १३,५०० सिंगापूर डॉलर अनामत उभी करताना घाम फुटतो, आणि एक-अष्टमांश मतं पडली नाहीत तर ते पैसेही बुडतात. मतदारसंघांच्या नव्या सीमा कळतात त्या निवडणुकीच्या तोंडावर. २०२५ मध्ये अहवाल आला ११ मार्चला आणि मतदान झालं ३ मेला. प्रचाराला नऊ दिवस, मग एक दिवस सगळ्यांनी गप्प बसायचं. परिणाम असा की २०११ मध्ये पीएपीला ६०.१ टक्के मतांवर ८७ पैकी ८१ जागा मिळाल्या. (मतं आणि जागा यांत तफावत आपल्याकडेही पडते, हे मान्य. पण आपल्याकडे ती पाच वर्षांनी उलट्या बाजूला झुकू शकते.)

आणखी एक गंमत. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, जुन्या इमारतींत लिफ्ट दर मजल्यावर थांबत नसे. ती थांबावी म्हणून सरकारने योजना काढली, आणि नंबर लावताना पीएपीला मत देणाऱ्या वस्त्या आधी घेतल्या. पोतोंग पासिरने १९८४ पासून विरोधी खासदार निवडला होता, तिथले म्हातारे-कोतारे मग कित्येक वर्षं जिने चढत राहिले. सत्ताधारी आमदाराला निधी आणि विरोधकाला ठेंगा, हा प्रकार महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे तो नीट छापील धोरण म्हणून आला.

मग भ्रष्टाचार कसा गेला? इथे देशी वादाचा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. लाचलुचपत पकडणारी सीपीआयबी ही संस्था १९५२ ची, म्हणजे ली सत्तेवर येण्याच्या सात वर्षं आधीची. अफूच्या चोरीत पोलिसांचेच गुप्तहेर सापडले, तेव्हा पोलिसांची चौकशी पोलिसांकडे ठेवून चालणार नाही हे इंग्रजांच्या लक्षात आलं. लींच्या सरकारने १९६० मध्ये कायदा कडक केला आणि संस्थेला मोकळा हात दिला. ती पंतप्रधानांच्या अखत्यारीत येते. पण पंतप्रधानांनीच चौकशी अडवली तर संचालकाला राष्ट्राध्यक्षांची संमती घेऊन पुढे जाता येतं, ही तरतूद १९९१ पासून राज्यघटनेत आहे. तिची कळ इथे आहे: एका माणसाचा अडथळा आला तरी दुसरं दार उघडं राहतं.

एस. ईश्वरन या मंत्र्याला २०२४ मध्ये बारा महिन्यांची शिक्षा झाली. मुख्य आरोप दंडसंहितेच्या कलम १६५ खालचा होता: सरकारी कामात ज्याच्याशी संबंध येतो त्याच्याकडून मौल्यवान वस्तू घेणे. भेटी सुमारे चार लाख डॉलरच्या, त्यांत शर्यतींची आणि नाटकांची तिकिटं, मद्याच्या बाटल्या, एक घडीची सायकल. ते कलम १८६० च्या आपल्या भारतीय दंडसंहितेतून इथे आलं आहे. आपल्याकडे १९८८ मध्ये त्यातला मजकूर नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेला. तेव्हा कायदा एकाच घरचा आहे आणि तो लिहायला हुकूमशहा लागला नाही. जोडीला पगार: २०१२ च्या फेररचनेनुसार नव्या मंत्र्याचा वार्षिक पगार सुमारे ११ लाख डॉलर, पंतप्रधानांचा २२ लाख. ‘खमक्या माणूस’ मागणाऱ्यांपैकी कोणी आपल्या मंत्र्याला एवढा पगार द्यायला तयार आहे का, हे एकदा पंगतीतच विचारून पाहावं. जिलेबी घशात अडकेल.

दडपशाही झालीच नाही असं कोणी म्हणू नये. २ फेब्रुवारी १९६३ च्या ऑपरेशन कोल्डस्टोअरमध्ये शंभराहून जास्त माणसं उचलली गेली. चिया थाय पो हे विरोधी खासदार १९६६ मध्ये आत गेले. २३ वर्षं तुरुंगात, एकदाही खटला नाही. नंतर सेंतोसा बेटावर नजरकैद, आणि शेवटची बंधनं उठली १९९८ मध्ये. आज त्याच सेंतोसावर भारतातून आलेल्या पाहुण्यांना युनिव्हर्सल स्टुडिओ दाखवायला नेतात. चिया यांना कोंडून नक्की कुठलं गटार स्वच्छ झालं, कुठली गाडी वेळेवर आली, याचं उत्तर मिळत नाही.

एका ठिकाणी मात्र जबरदस्तीचा फायदा झाला हे कबूल केलं पाहिजे: जमीन. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला हवी ती जमीन घेता येऊ लागली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने मोबदला त्या वर्षीच्या भावाला गोठवला. दहा वर्षांनी जमीन गेली तरी हातात भाव १९७३ चा. त्यावर एचडीबीची घरं, रस्ते, बंदरं उभी राहिली. आपल्या २०१३ च्या कायद्याखाली हे अशक्य आहे. पण ‘लोकशाहीत रस्ता होतच नाही’ म्हणणाऱ्यांनी समृद्धी महामार्ग आठवावा: ७०१ किलोमीटर, २०१५ मध्ये घोषणा, २०२५ मध्ये पूर्ण खुला, जमीन बहुतांशी थेट खरेदीने आणि चांगल्या मोबदल्याने. पैसा जास्त लागला. तो शेतकऱ्याला मिळाला, एवढाच फरक.

खरी परीक्षा चूक झाल्यावर होते. सत्तरच्या दशकात इथे ‘दोन पुरे’चा धडाका लावला: मुलं वाढतील तसं बाळंतपणाचं शुल्क जास्त, तिसऱ्यापासून पगारी रजा बंद, शाळाप्रवेशात मोठ्या कुटुंबांचा मागचा नंबर. जननदर (बाईमागे सरासरी मुलं) त्याच दशकात लोकसंख्या टिकवायला लागणाऱ्या २.१ च्या खाली गेला, तरी धोरण उलटं फिरायला १९८७ उजाडलं. २०२३ मध्ये तो ०.९७ होता. (कोरिया, तैवानातही तो असाच कोसळला, म्हणून सगळं खापर सरकारवर फोडत नाही; पण दहा वर्षं कोणी ‘थांबा’ म्हणालं नाही, हे खरं.) याउलट १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या मुलांना शाळेत प्राधान्य, आणि कमी शिकलेल्या गरीब बाईने नसबंदी केली तर १०,००० डॉलर, अशी योजना आली. त्याच डिसेंबरच्या निवडणुकीत पीएपीची मतं ७७.७ वरून ६४.८ टक्क्यांवर आली आणि पुढच्याच वर्षी शाळेतलं प्राधान्य गेलं. शंभरात तेरा मतं घटली, तेवढ्याने काम झालं.

आणीबाणीतल्या वेळेवर धावणाऱ्या गाड्यांची आठवण काढणाऱ्यांनी हेही आठवावं की १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या पुरोगामी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही.

शिवाय मागवलेला माणूस ली निघेल याची हमी कोण देणार? सिंगापूर स्वतंत्र झालं त्याच वर्षी, १९६५ मध्ये, फिलिपिन्समध्ये मार्कोस सत्तेवर आले. ब्रह्मदेशात १९६२ पासून ने विन होते. १९८७ मध्ये त्यांनी २५, ३५ आणि ७५ च्या नोटा रातोरात बाद केल्या, बदलूनही दिल्या नाहीत, आणि नऊ आकडा शुभ म्हणून ४५ आणि ९० च्या नोटा चालवल्या. प्रदेश तोच, काळ तोच, खमकेपणाही तोच.

ज्यांना मत नाही त्यांचं काय होतं, हेही इथेच दिसतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविड परदेशी मजुरांच्या डॉर्मिटरींत शिरला. एका खोलीत बारा ते वीस जण, संडास सामायिक. वर्ष संपेपर्यंत तिथल्या सव्वातीन लाखांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना लागण झालेली होती. एरवी जिथे लिफ्ट दोन तास बंद पडली तर टाऊन कौन्सिलला फोन जातो, तिथे या खोल्यांबद्दल कोणी खासदाराकडे गेलं नव्हतं, कारण तिथे राहणारा कोणाचा मतदारच नव्हता.

मत नसलेला कारभार तर महाराष्ट्रानेही करून पाहिला, आणि हे सगळे तो विसरतात! मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. पुणे आणि इतर शहरांतही तेच झालं. जवळपास चार वर्षं नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, महासभा नाही. प्रस्ताव मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही तोच. पंगतीत जे मागतात ते हेच ना? याच काळात मुंबईत सुमारे ६,००० कोटींची रस्ते काँक्रिटीकरणाची कामं दिली गेली, आणि शहर भागातलं कंत्राट वर्षाच्या आत रद्द करावं लागलं. नगरसेवक असते तर रस्ते सोन्याचे झाले असते असं नव्हे. पण सभागृहात कागद मागणारा कोणीतरी असता.

आता कोणी म्हणेल, एवढं कळतं तर तिथे राहता कशाला? पगारासाठी, आणि फुटपाथसाठी. हे राज्य आम्हाला आवडतं ते भाडेकरूला घर आवडावं तसं: नळ चालू, भाडं वेळेवर, सभासदांच्या सभेला जायचं नाही. ईपीवाल्याला, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याला, मत नाही. निदर्शनांसाठी राखलेल्या होंग लिम पार्कात निदर्शन असेल तर तिथे नुसतं उभं राहायलाही मनाई. साठ लाखांच्या देशात आमच्यासारखे अठरा-एकोणीस लाख. मुलाला पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घ्यावा का, हा विषय निघाला की एनएसची, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेची, दोन वर्षं मध्ये येतात, आणि शिस्तीचे गोडवे गाणारे आम्ही हळूच ऑस्ट्रेलियाचे फॉर्म बघू लागतो. नागरिकत्व घ्यायचं तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, ते दुखतं. म्हणून आम्ही कुठलेच होत नाही, आणि दोन्हीकडच्या राजकारणावर ठामपणे बोलतो.

भारताचं मत मात्र आमच्यापाशी आहे. फॉर्म ६अ भरायचा, पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लागतं, एक पैसा पडत नाही. अट एकच, मतदानाला स्वतः केंद्रावर हजर राहायचं. २०२४ च्या लोकसभेला जगभरातून १,१९,३७४ अनिवासी भारतीयांनी नोंदणी केली होती. प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी, त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. बाकी सगळ्या देशाचे मिळून उरले २८८. आपल्या विधानसभेच्या जागाही तेवढ्याच आहेत.