म्हणे जुन्या विंडोजवर लॅन कार्ड चालतच नाही!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तीन ग्रुपवरून येऊन पडला. त्यात काय लिहिलंय तर एक्सपी आणि विंडोज ७ चा सपोर्ट बंद झालाय म्हणून आता त्यावर नेटवर्क कार्ड (लॅन कार्ड, पीसीला नेटची केबल जोडणारा भाग) चालणार नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली पीसीच्या भागांची यादी) पिवळं चिन्ह दिसलं की कार्ड उडालं समजा, फारतर ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला लागणारी फाइल) आपोआप शोधणारं एखादं सॉफ्टवेअर टाका नाहीतर यूएसबी वायफाय डोंगल घ्या, आणि एवढं करून पण साइट उघडल्या नाहीत तर पीसी भंगारात. खाली हात जोडलेले. मी मागच्याच महिन्यात मामाच्या दुकानातला विंडोज ७ चा पीसी याच दुखण्यातून उठवलाय, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं, सपोर्ट. एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला, तारखा खऱ्या आहेत. पण सपोर्ट संपला म्हणजे नवीन सिक्युरिटी अपडेट यायचे थांबले, त्या दिवशी मायक्रोसॉफ्टचा माणूस येऊन तुमची केबल काढून नाही गेला. आतलं नेटवर्किंग आहे तसंच आहे.

आता ते पिवळं उद्गारचिन्ह. मामाला पण एका रिपेअरवाल्याने हेच सांगितलेलं, लॅन पोर्ट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल. मी 'इथरनेट कंट्रोलर' वर डबल क्लिक केलं तर आत कोड २८. त्याचा अर्थ ड्रायव्हर टाकलेला नाही, एवढाच. लॅनची चिप पार मेली असती तर ती त्या यादीत बहुतेक दिसलीच नसती, दिसतेय म्हणजे मशीनला ती सापडलीये, फक्त तिच्याशी बोलायचं कसं हे विंडोजला माहीत नाही. आणि माहीत असणार तरी कसं, विंडोज ७ आलं २००९ मध्ये, मामाचा बोर्ड त्याच्या बऱ्याच नंतरचा. हां, पावसाळ्यात वीज कडाडून पोर्ट जळतात, ते मी पण पाहिलंय, पण ते ड्रायव्हर बसल्यावर कळतं, आधी नाही.

मग ड्रायव्हर शोधणारं सॉफ्टवेअर? अरे पण नेटच नाहीये तर ते डाउनलोड कशावर करणार आणि ते शोधणार कुठे! शिवाय असली बरीच सॉफ्टवेअर सोबत टूलबार, भलताच ब्राउझर, काय काय आणून ठेवतात. त्यापेक्षा तिथेच 'डिटेल्स' टॅबमध्ये जायचं, हार्डवेअर आयडी निवडायचा, एक लांबलचक ओळ दिसते. त्यात व्हेंडरचा, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंबर १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल (हो, इंटेलच्या त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्यापुढे डिव्हाइसचा नंबर, मामाचा ८१६८. फोनने फोटो काढला, घरी येऊन कंपनीच्या साइटवरून विंडोज ७, ६४ बिटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला. विंडोज ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येतं, ३२ चा ड्रायव्हर ६४ वर चालत नाही, 'कुठलाही चालतो' म्हणणाऱ्यांनी एकदा टाकून बघावा.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेनड्राइव्ह लावला तर दिसेचना. निळ्या पोर्टमध्ये लावलेला ना, विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतोच. मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावला, दिसला. ड्रायव्हर टाकला, आणि आता कोड ५२! म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही (फाइल खऱ्या कंपनीचीच आहे याची खूण) विंडोजला पटत नाहीये. इथे खरंच डोकं फिरतं, कारण फाइल बरोबर, कार्ड बरोबर, तरी नाही. भानगड अशी की नंतरच्या ड्रायव्हरवर शा-२ (SHA-2) नावाच्या नव्या पद्धतीची सही असते आणि कोरं ६४ बिट विंडोज ७ ती ओळखत नाही, सर्व्हिस पॅक १ (अपडेटचा मोठा गठ्ठा) असला तरी. त्यासाठी केबी३०३३९२९ नावाचा २०१५ चा अपडेट लागतो. तो पण पेनड्राइव्हनेच आणला, टाकला, रीस्टार्ट, आणि पिवळं चिन्ह गायब. पीसी चालू होताना एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करता येते पण ती तेवढ्या एका बूटपुरती, उद्या पीसी चालू केला की परत तेच.

डोंगलचा सल्ला तर कमालच आहे. डोंगलला पण ड्रायव्हर लागतोच, आणि आजकालच्या नव्या डोंगलच्या खोक्यावर बऱ्याचदा विंडोज १० च्या खालचं नाव पण नसतं. विंडोज ७ ला बहुतेक अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने पीसीला देणं) चालू केलं तरी नेट मिळतं, एक रुपया खर्च नाही. एक्सपीवाल्यांनी जुन्या बाजारातून रिअलटेक ८१३९ चं पीसीआय कार्ड (बोर्डवरच्या खाचेत बसणारं) घ्यावं, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीच असतो, खोचलं की चालू. स्पीड १०० एमबीपीएसच, पण एक्सपीवर अजून काय करणार आहात?

राहिलं साइट न उघडण्याचं. आधी पिंग करून बघा, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतंय का बघा. रिप्लाय येतोय ना, मग कार्डाचं काम संपलं, दोष दुसरीकडे आहे. मामाच्या पीसीत घड्याळ २००९ वर गेलेलं, सेल संपला होता, त्यामुळे प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला, त्याला तारखेची मुदत असते) ब्राउझरला खोटं वाटत होतं. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला, तारीख लावली, झालं. एक्सपीत मात्र इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला टीएलएस १.२ (साइटशी सुरक्षित बोलायची पद्धत) येतच नाही, म्हणून साइट नाकारतात, त्यात कार्ड बिचारं काय करणार.

मेसेजमधलं थोडं खरं पण आहे, ते मान्य करतो. अगदी नवीन कार्ड जुन्या विंडोजवर अडतातच, इंटेल आय२२५ या लॅन चिपचा ड्रायव्हर कंपनीने विंडोज १० पासूनच दिलाय, तिथे उगाच डोकं आपटू नका. आणि असल्या पीसीवर बँकेचं काही करू नका. मी मामाच्या मशीनला आयपी (नेटवर्कमधला पत्ता) हाताने दिला आणि गेटवेची (बाहेरच्या नेटकडे जायचा रस्ता) जागा रिकामी ठेवली, म्हणजे दुकानातला प्रिंटर आणि दुसरा पीसी दिसतो, बाहेरचं जग नाही. बिलं धडाधड निघतायत. मामा तेवढा चिडलाय, यूट्यूब का लागत नाही म्हणून.