फेसबुकच्या बॉट्सची ‘गुप्त भाषा’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

‘फेसबुकच्या दोन रोबोंनी माणसांना न कळणारी स्वतःची गुप्त भाषा तयार केली. शास्त्रज्ञ घाबरले आणि त्यांनी घाईघाईने सगळी यंत्रणा बंद पाडली.’ हा मजकूर २०१७ च्या जुलैअखेरीपासून फिरतो आहे. मधेच थंडावतो आणि एआयची एखादी मोठी बातमी आली की पुन्हा वर येतो. २०२५ पासून त्याला दोन यंत्रं एकमेकांशी टिटिट आवाजात बोलतानाचा व्हिडिओही जोडला जातो, आणि शेवटी बहुधा एक ओळ असते: ‘खुद्द तज्ज्ञांनीच हे कबूल केलं आहे.’ मूळ प्रयोगाचा शोधनिबंध, त्याचा कोड आणि संशोधकांची जाहीर विधानं, सगळं उघड उपलब्ध आहे. तेव्हा या मजकुराचा एकेक तुकडा त्यांच्यापुढे धरून पाहू.

‘दोन रोबो’

रोबो नव्हतेच. हात, पाय, कॅमेरा, मोटर काहीही नाही. मजकूर वाचणारे आणि मजकूर लिहिणारे दोन संगणकी प्रोग्रॅम होते. फेसबुकची एआय संशोधन शाखा आणि अमेरिकेतलं जॉर्जिया टेक विद्यापीठ यांतल्या पाच जणांचं हे काम: माइक लुइस, डेनिस यारात्स, यान दोफँ, देवी पारिख आणि ध्रुव बत्रा. निबंध जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता वाटाघाटी.

खेळ असा: टेबलावर पुस्तकं, टोप्या आणि चेंडू, मिळून ५ ते ७ वस्तू. दोघांनी बोलून त्या वाटून घ्यायच्या. प्रत्येकाला वस्तूंचं मोल वेगवेगळं दिलेलं, पण दुसऱ्याचं मोल कुणालाच दिसत नाही. सगळ्या वस्तू मिळाल्या तर कुणाचेही गुण १० च होतात. उदाहरण घेऊ: २ पुस्तकं, १ टोपी, ३ चेंडू. पहिल्याला पुस्तक २ गुणांचं, टोपी ३ ची, चेंडू १ चा. दुसऱ्याला पुस्तक १ चं, टोपी ८ ची, चेंडू शून्याचा. पहिल्याने पुस्तकं आणि चेंडू घेतले आणि दुसऱ्याने टोपी घेतली, तर ७ आणि ८ गुण पडतात, दोघांचंही भलं. दहा वेळा बोलूनही जमलं नाही तर करार न करता उठता येतं, पण मग दोघांच्याही हाती शून्य.

शिकवण्यासाठी आधी माणसांकडून हाच खेळ खेळवून घेतला. ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क या, पैसे देऊन लोकांकडून छोटी कामं करून घेण्याच्या ऑनलाइन सेवेवरून, वस्तू आणि मोलाच्या २,२३६ मांडण्यांवरचे ५,८०८ संवाद गोळा केले. मॉडेलचं, म्हणजे या शिकणाऱ्या प्रोग्रॅमचं, सगळं इंग्रजी या संवादांतून आलेलं. त्याबाहेरचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

‘स्वतःची भाषा तयार केली’

सगळा गोंधळ इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल.

शिक्षण दोन टप्प्यांत झालं. पहिल्या टप्प्यात मॉडेल माणसांच्या संवादांची नक्कल करायला शिकतं: आतापर्यंतचं बोलणं पाहून पुढचा शब्द कोणता येईल हे ओळखायचं. हा टप्पा संपला की वाक्यं बरी येतात, पण मॉडेल भिडस्त निघतं. समोरच्याने काहीही मागितलं तरी ‘ठीक आहे’ म्हणून मोकळं होतं. म्हणून दुसरा टप्पा, रिइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे गुणांच्या आधारे शिकणं. यात मॉडेलच्या दोन प्रती एकमेकांशी खेळतात, करार झाला की गुण मोजतात, आणि चांगले गुण देणाऱ्या संवादातल्या प्रत्येक शब्दाची शक्यता थोडी वाढवतात, वाईट गुणांच्या संवादातल्या शब्दांची कमी करतात.

या दुसऱ्या टप्प्यात गुण कशाला आहेत ते पाहा: पदरात पडलेल्या वस्तूंना. वाक्य व्याकरणात बसतं का, माणसाला कळतं का, याला एकही गुण नाही. त्यात दोन्ही प्रती एकाच वेळी बदलत राहिल्या, तर बोलणं इंग्रजीला धरून ठेवणारं कुणी उरतच नाही. एकाने काहीतरी वेडंवाकडं म्हटलं, योगायोगाने सौदा बरा झाला, तर तेच वेडंवाकडं पक्कं होतं. दुसरी प्रतही त्याच्याशी जुळवून घेते. असं हजारो वेळा झालं की ते प्रसिद्ध वाक्य बाहेर पडतं: ‘बॉल्स हॅव झिरो टू मी टू मी टू मी टू मी…’

हे ‘टू मी’ कुठून आलं याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. ‘चेंडूंचं मोल मला शून्य’ अशा अर्थाची वाक्यं या खेळात माणसं सतत बोलतात, त्यामुळे हे दोन शब्द मॉडेलच्या तोंडी बसलेले. आणि एकदा उच्चारलेला तुकडा पुन्हा पुन्हा उगाळत बसणं हा मजकूर लिहिणाऱ्या न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या अशा प्रोग्रॅमचा, जुना, माहितीतला दोष आहे. तिथे व्याकरणाचा धाक काढून घेतला की फेरा सुटत नाही.

मग यात सांकेतिक अर्थ अजिबात नव्हता का? असू शकतो. निबंधाच्या लेखकांपैकी ध्रुव बत्रांनी त्या वेळी पत्रकारांना सांगितलं होतं की असे प्रोग्रॅम समजण्याजोग्या भाषेपासून भरकटतात आणि आपापसात संकेत ठरवू शकतात. एखादा शब्द पाच वेळा म्हणणं म्हणजे पाच नग हवेत, असं. हे त्यांचं विधान लपवण्याचं काही कारण नाही. पण संकेत आहे हे सिद्ध करण्याची एक रीत असते. एकाचे संदेश मधेच बदलून पाहायचे, शब्दांचा क्रम विसकटायचा किंवा पुनरुक्ती कापून टाकायची, आणि दुसऱ्याचा निर्णय त्याबरहुकूम बदलतो का ते मोजायचं. निर्णय तोच राहिला तर ती बडबड. ठरावीक पद्धतीने बदलला तर संकेत. फिरणाऱ्या मजकुरात चार ओळींचा संवाद सोडून दुसरं काहीच नसतं; त्या चार ओळींवरून यातलं एकही ठरत नाही.

संकेत आणि भाषा यांत अंतर किती असतं, हे बत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दाखवलं. दोन बॉट्स, एक प्रश्न विचारणारा, एक उत्तर देणारा. वस्तूंना तीन गुणधर्म: आकार, रंग आणि रेखाटण्याची शैली. प्रत्येकाचे चार प्रकार, म्हणजे एकूण ६४ वस्तू. वापरायला अर्थहीन चिन्हं दिली. चिन्हं भरपूर असताना दोघांनी काम जवळजवळ अचूक केलं, पण वस्तूंना क्रमांक चिकटवावेत तशी चिन्हं वापरून. ‘लाल’साठी एक, ‘चौकोन’साठी एक आणि दोन्ही जोडून ‘लाल चौकोन’ अशी रचना झालीच नाही. चिन्हांचा साठा आवळला आणि उत्तर देणाऱ्याची आधीच्या फेरीची आठवण काढून घेतली, तेव्हा कुठे अशी जोडणी दिसू लागली. भाषा आपोआप उगवत नाही, हाच त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. ‘बॉट्सनी भाषा शोधली’ म्हणणाऱ्यांनी ज्या संशोधकाचा दाखला द्यावा, त्याचंच काम त्यांच्या विरुद्ध बोलतं.

‘माणसांना न कळणारी, गुप्त’

गुप्त ठेवायला कुणापासून तरी लपवावं लागतं. इथे प्रत्येक संवादाचा प्रत्येक शब्द नोंदवला जात होता, प्रत्येक शब्दाला मॉडेलने किती शक्यता दिली तेही आकड्यांत पाहता येत होतं, आणि शेवटी कुणी कोणत्या वस्तू घेतल्या याची वेगळी नोंद होती. कोड आणि माणसांचे सगळे संवाद फेसबुकने निबंधासोबतच खुले केले.

‘घाबरून यंत्रणा बंद पाडली’

तारखा लावल्या तरी हा भाग कोसळतो. बातम्यांचा भडका जुलैअखेरीचा. आणि जूनमध्ये छापलेल्या निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे की दोन्ही प्रती बदलू दिल्या तर बोलणं माणसांच्या भाषेपासून दूर जातं, म्हणून एकच प्रत बदलली आणि दुसरी गोठवून ठेवली. म्हणजे अडचण सापडली होती, तिचं कारण कळलं होतं आणि उपायही झाला होता, जग घाबरण्याच्या आधी.

उपाय किती साधा होता तेही सांगायला हवं. गोठवलेली प्रत फक्त माणसांच्या संवादांवर शिकलेली, त्यामुळे तिच्याशी खेळायचं तर तिला कळेल असंच बोलावं लागतं. त्यावर आणखी एक वेसण: रिइन्फोर्समेंटच्या दर चार फेऱ्यांनंतर एक फेरी पुन्हा माणसांच्या संवादांवर, १६-१६ संवादांच्या गठ्ठ्याने, जुन्या नकलेची उजळणी म्हणून. एवढ्याने वाक्यं ताळ्यावर राहिली.

प्रयोग मधेच थांबवून मांडणी बदलणं हे या क्षेत्रातलं रोजचं काम आहे. गुण चढत नाहीत, मजकूर बिघडतो, मेमरी संपते. संशोधक चालू काम मारतात, एक आकडा बदलतात आणि पुन्हा सुरू करतात. बत्रांनी जाहीर खुलाशात नेमकं हेच म्हटलं होतं: बक्षिसाचं, म्हणजे गुण देण्याचं, सूत्र तपासणं आणि प्रयोगाची मांडणी बदलणं म्हणजे एआयची वीज तोडणं नव्हे, आणि या बातम्या बेजबाबदार आहेत. संशोधन थांबलंही नाही. सप्टेंबरमध्ये कोपनहेगनच्या परिषदेत हा निबंध मांडला गेला.

‘आता तर व्हिडिओच आला आहे’

हा व्हिडिओ फेब्रुवारी २०२५ चा. लंडनमधल्या एका हॅकेथॉनमध्ये, म्हणजे थोड्या वेळात प्रोग्रॅम बनवून दाखवण्याच्या स्पर्धेत, दोन प्रोग्रॅमरनी हा प्रयोग केला, नाव ‘जिबरलिंक’. लग्नासाठी हॉटेल विचारणारा एक एआय, हॉटेलतर्फे बोलणारा दुसरा. समोरचाही एआय आहे असं कळताच दोघे बोलणं सोडून टिटिट सुरू करतात. पाहणाऱ्याला वाटतं, यांनी आत्ताच ठरवलं. प्रत्यक्षात दोघांनाही आधीच लेखी सूचना दिली होती: समोर एआय असल्याची खात्री झाली आणि त्याने होकार दिला, की आवाजी संकेतावर जा. करणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही. कोडही उघड आहे.

तो आवाज म्हणजे ‘जीजीवेव्ह’ नावाची, आधीपासून सर्वांना उपलब्ध असलेली खुली लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड. काम कसं चालतं? मजकुराचे ४-४ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १, आठ बिटांचा एक बाइट) तुकडे करायचे. एका वेळी ६ सूर वाजवायचे, प्रत्येक सुराला एक तुकडा, म्हणजे एका दमात ३ बाइट. एकूण ९६ सूर ठरलेले, ऐकू येणाऱ्या प्रकारात १,८७५ हर्ट्झपासून वर, दोन सुरांमधलं अंतर ४६.८७५ हर्ट्झ. वाटेत काही बिघडलं तर दुरुस्त करता यावं म्हणून रीड-सॉलोमन संकेत जोडलेला. कोणत्याही फोनवर त्याचं ॲप टाकून शेजारी धरा, तोच मजकूर अक्षरांत उमटतो. आणि मजकूर असतो साध्या इंग्रजीत! व्हिडिओत तो पडद्यावरही दिसतो.

वेगही अचाट नाही. जीजीवेव्ह सेकंदाला ८ ते १६ बाइट पाठवते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. ‘नमस्कार’ची सात चिन्हं म्हणजे २१ बाइट, म्हणून वेगवान प्रकारातही सव्वा सेकंदाच्या वर. तोंडाने म्हणायला तेवढाही वेळ लागत नाही. फायदा असलाच तर तो आवाज तयार करण्याचा आणि ओळखण्याचा संगणकी खर्च वाचण्यात.

‘खुद्द तज्ज्ञांनीच कबूल केलं’

तज्ज्ञ ‘एजंट’ (ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅम) म्हणतो, बातमीत ‘रोबो’ होतो. तज्ज्ञ ‘भाषेपासून भरकटले’ म्हणतो, त्याचं ‘नवी भाषा शोधली’ होतं. ‘रन (प्रयोगाची चालू फेरी) थांबवला’ याचं ‘घाबरून बंद केला’ होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी पुढचे चार प्रश्न विचारले असते तर ही घसरण झाली नसती, आणि एआयवरची कुठलीही मुलाखत वाचताना तेच शोधावेत. गुण नेमके कशाला दिले? शिकताना दोन्ही बाजू बदलत होत्या की एक स्थिर होती? दाखवलेला नमुना नेहमीचा आहे की शेकडोंतून निवडलेला? आणि यंत्राने जे केलं त्यातलं किती सूचनांमध्ये लिहिलेलंच होतं? वाटाघाटींच्या प्रयोगात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की गूढ संपतं. जिबरलिंकमध्ये शेवटच्या एकानेच संपतं.

या सगळ्या आरड्याओरड्यात निबंधातली खरोखर गंभीर गोष्ट मागे पडली. वाक्यं नीट ताळ्यावर ठेवलेल्या मॉडेलने एक डाव आत्मसात केला: आपल्याला शून्य मोलाच्या वस्तूत आधी रस दाखवायचा, आणि मग ती ‘सोडून देतो’ म्हणत हवी ती वस्तू पदरात पाडायची. वरच्या उदाहरणात दुसऱ्याने चेंडूंसाठी अडून बसावं आणि शेवटी मोठेपणाने चेंडू देऊन टोपी उचलावी, तसं. बाजारात घासाघीस करणारी माणसं हे करतातच. पण इथे कुणी तसं शिकवायला बसलं नव्हतं. फक्त गुण वाढवायला सांगितलं होतं. संशोधकांनी हे स्वतःच निबंधात नोंदवलं, फसवणूक हाच शब्द वापरून.

म्हणून भाव ठरवणारा, हप्ते वसूल करणारा किंवा ग्राहकाशी तडजोड करणारा बॉट कुणी बसवत असेल, तर त्याला विचारायचं ते याविषयी. बॉटचे गुण फक्त रकमेवर मोजले जातात का? खोटी मागणी पुढे केली तर गुण कापण्याची सोय आहे का? आणि झालेले संवाद ठरावीक काळाने माणूस वाचतो का, की फक्त शेवटचा आकडा पाहिला जातो?