नकली आहे म्हणून कसंही लिंपायचं?

शनिवारी सकाळी सहाला उठून माझ्या जुन्या बोटीच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, बेस कोट, म्हणजे रंगाचा खालचा हात, मारला. वारा पडलेला, ऊन अजून यायचं होतं, गॅरेजच्या जमिनीवर आदल्या रात्रीच पाणी मारून धूळ बसवली होती. पहिला हात छान बसला असं वाटतंय तोवर विंडशील्डच्या डाव्या पायापाशी रंग सरकायला लागला. डोळ्यांदेखत. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, मग मसुराएवढं गोल, मग जुन्या चार आण्याएवढं, आणि मधोमध खालचा प्रायमर उघडा. रंगाला तिथे टेकायचंच नव्हतं. एकामागून एक अशी अकरा भोकं मोजली आणि ब्रश खाली ठेवला. ही तिसरी वेळ. तिसरी!

कारण सिलिकोन. मोरीत, बेसिनच्या कडेला लावतात ते ट्यूबमधलं साधं सिलिकोन. माझ्या आधीच्या कुठल्यातरी मालकाने विंडशील्डच्या पायाखाली, क्लीटखाली (दोर बांधायची खुंटी), डेक आणि हलच्या, म्हणजे बोटीच्या खालच्या धडाच्या, सांध्यावर, जिथे जिथे पाणी झिरपताना दिसलं तिथे तिथे ते बोटाने फासलंय. त्याचं काम दहा मिनिटांत झालं. माझा अख्खा उन्हाळा गेला.

ज्यांनी रंगकाम केलेलं नाही त्यांना हा संताप कळणार नाही, म्हणून सांगतो. सिलिकोनवर काहीही चिकटत नाही. रंग नाही, रेझिन (फायबर जोडायचा, वाळून कडक होणारा द्रव) नाही, दुसरं सीलंट नाही, एवढंच काय, नवीन सिलिकोनसुद्धा जुन्यावर नीट धरत नाही. खरवडून काढलं तरी त्याचा डोळ्याला न दिसणारा थर मागे राहतो. वॉटर पेपर मारायला घ्याल तर तोच पेपर ते सगळ्या डेकभर पसरवतो. म्हणून आधी सॉल्व्हंटने पुसायचं, तेही एका हातात ओलं फडकं आणि लगेच मागोमाग दुसऱ्या हातात कोरडं. सॉल्व्हंट उडून जायच्या आत घाण उचलली गेली पाहिजे, आणि दर दोन पुसण्यांना फडकं बदलायचं. मी हे केलं. पूर्ण डेकवर तीनदा केलं. तरी डाव्या पायाच्या स्क्रूच्या भोकात आत कुठेतरी तो उरलाच होता. आज टॉर्च लावून, दातकोरणीने उकरून काढला. भाताच्या शितापेक्षा लहान तुकडा. एवढ्याशा तुकड्याने एका सकाळचं काम आणि महागडा रंग मातीत घातला.

बोट माझी 16 फुटी, फायबरग्लासची, आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनची रनअबाउट, म्हणजे फिरायची छोटी उघडी मोटरबोट. विकणाऱ्याने 1968 ची म्हणून दिली. हलवर नंबर कोरलेला नाही, म्हणजे नोव्हेंबर 1972 च्या आधीची हे नक्की, कारण अमेरिकेत तो नंबर सक्तीचा झाला तो तेव्हापासून. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. हल पांढरी आणि डेकवर मुळात महोगनी लाकडाच्या रेषांची, वरून चिकटवलेली फिल्म. गडद तांबूस फळ्या, मध्ये पांढऱ्या बारीक रेघा, कडेला अजून गडद पट्टा. खऱ्या महोगनीच्या बोटीवर असतं तसंच रूप. पहिल्यांदा बघितली ती इथे मिशिगनमध्येच एका गोठ्यासारख्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. ताडपत्री अर्धी उचलली आणि माझा निर्णय झाला.

आता मुख्य मुद्दा. या बोटीचं जे वाटोळं झालंय ते जुनी आहे म्हणून नाही. लोक तिला नकली समजतात म्हणून झालंय. खऱ्या लाकडाची असती तर कुणाची मोरीतली ट्यूब घेऊन जायची हिंमत झाली नसती. पण "काय, प्लास्टिकच तर आहे" असं एकदा म्हटलं की माणूस काहीही करायला मोकळा होतो.

मागच्या वर्षी एका तळ्याकाठच्या जुन्या बोटींच्या प्रदर्शनाला घेऊन गेलो होतो. तेव्हा ट्रान्सम, म्हणजे मागची भिंत, नव्याने भरून झालेला, डेक तेवढा मूळचाच होता, फिकट पण शाबूत. आयोजकांनी जागा दिली ती पार्किंगच्या कडेला, खाण्याच्या गाडीच्या मागे. जेटीवर फक्त महोगनी. बरं, तेही सहन केलं. मग एक गृहस्थ आले, सत्तरीचे असतील, आणि न विचारता डेकवर बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज ऐकला, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "अच्छा, स्टिकर." आणि चालते झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच्या बोटीला हात लावायचा नाही हे शाळकरी पोराला कळतं. आणि जुन्या बोटींच्या दुनियेत 1943 ते 1975 मधली बोट क्लासिक धरतात. त्यात लाकूडच हवं अशी अट नाही. मग माझी बोट खाण्याच्या गाडीमागे कशासाठी?

यांना इतिहास तरी ठाऊक आहे का? लाकडी बोट म्हणजे घरात बांधलेला हत्ती. दर वसंतात पाण्यात बुडवून फळ्या फुगू द्यायच्या, सांधे भरायचे, दरवर्षी वॉर्निशचे हात, तळाला रंग. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं आणि साध्या नोकरदार माणसाला, कारखान्यातल्या कामगाराला, बोट ठेवता यायला लागली. पण त्याच्या डोळ्यासमोर बोट म्हणजे महोगनीच होती, आणि का नसावी? महोगनीच्या बोटी बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या याच राज्यातल्या, आल्गोनॅकला क्रिस-क्राफ्ट, मॅनिस्टीला सेंच्युरी. साठचं दशक संपता संपता सेंच्युरीनेही लाकूड सोडून फायबर धरलं. त्या काळात डेकवर लाकडाच्या रेषा देणं ही फसवणूक नव्हती. देखभालीचा खर्च न परवडणाऱ्या माणसाला ते रूप मिळावं म्हणून कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं ते. फोर्डची कंट्री स्क्वायर ही जुनी गाडी बघा, दोन्ही बाजूंना लाकडी रेषांची फिल्म. ती रस्त्यावर दिसली की हेच लोक हळवे होऊन फोटो काढतात. गाडीवर चालतं, बोटीवर म्हणे नकली.

आणि आपली माणसं! गणपतीच्या जेवणाला एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "अरे, एवढे पैसे घालतोयस, त्यात नवी आली असती. आणि खरं लाकूड पण नाही ना ते?" मी त्याला म्हटलं, तू लहानपणी ज्या डायनिंग टेबलवर जेवलास त्यावर काय होतं? सनमायका. सागवानी रेषांचा सनमायका. तुझ्या आईने तो वीस-पंचवीस वर्षं रोज पुसला, कधी गरम पातेलं थेट ठेवू दिलं नाही. ते टेबल नकली होतं का? गप्प बसला. पण वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊजी, तो तसाच आहे." तसाच आहे म्हणजे काय? असेच असतात म्हणून तर बोटींची ही दशा होते.

ट्रान्समचं सांगितलं नाही अजून. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन लटकतं. माझं जुनं इंजिन शंभर किलोच्या वर आहे, ते सगळं वजन आणि चालतानाचा धक्का त्या भिंतीवर. बाहेरून फायबर, आतून फायबर, आणि मध्ये पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर. म्हणजे बघा, या बोटीत जे लाकूड दिसतं ते रंगाचं, आणि जे खरं लाकूड आहे ते दिसत नाही. पन्नासहून जास्त वर्षांत त्या रंगाच्या लाकडाने कुणाला दगा दिला नाही. खऱ्या लाकडाने मात्र दिला असता, कारण त्यात कुणीतरी भोकं पाडून ठेवली होती.

विकणाऱ्याला मी सरळ विचारलं होतं, ट्रान्सम कसा आहे? "दगडासारखा." ट्रान्सम नुकताच रंगवलेला होता, वर ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी ठोकलेली. तेव्हाच संशय यायला हवा होता, पण समोरचा माणूस डोळ्यात डोळे घालून सांगत होता. घरी आणून हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. वरच्या बाजूला टणटण, मधोमध आल्यावर भद्द. बारीक ड्रिलने एक भोक पाडलं. भुसा कोरडा, पिवळसर यायला हवा. आला तो काळपट, ओला, बोटांना चिकटणारा. पट्टी काढली, आतला फायबरचा थर कापला आणि पटाशी लावली, तर पटाशीची गरजच नव्हती. हाताने ओंजळी भरभरून काढलं. गाळून उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. वासही तसाच आंबूस, रात्रभर सिंकमध्ये राहिलेल्या चहापत्तीचा.

आणि कारण? खोली मोजायच्या यंत्राचा सेन्सर लावायला कुणीतरी पाण्याच्या रेषेखाली चार स्क्रू मारले होते. नुसते. भोक थोडं मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यात पुन्हा बारीक भोक पाडून सीलंट लावून स्क्रू फिरवायचा, हे अर्ध्या दिवसाचं काम. ते केलं नाही. मग पाणी आत गेलं, बाहेर यायला वाट नाही, प्लायवूड कुजत राहिला. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, तर त्याने काय केलं? गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची लांबी भरली. ती लांबी स्वतःच ओल धरते! त्यावर रंग, त्यावर पट्टी, आणि "दगडासारखा". त्या इंजिनासकट मी पोरांना घेऊन तळ्यात मध्यावर गेलो असतो आणि मागची भिंत सुटली असती तर? हा विचार आला की अजून हात थरथरतात. बोट जुनी आहे, ट्रान्सम कुजलाय, हे एक वाक्य बोलायला काय जातं? मी तरीही घेतली असती. पैसे थोडे कमी दिले असते, एवढंच.

ट्रान्सम नव्याने भरायला एक पूर्ण उन्हाळा गेला. उन्हाळाच, कारण इथल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये रेझिन वाळत नाही. पॉलिएस्टर रेझिनला ऊब लागते, थंडीत हार्डनर कितीही घाला, ते चिकटच राहतं किंवा कच्चं वाळतं. म्हणजे काम करायचे महिने आणि बोट पाण्यात असायचे महिने तेच. शेजाऱ्यांच्या बोटी ट्रेलरवर समोरून जातात आणि मी तोंडाला मास्क लावून काचतंतू खाजवत उभा.

डेकची मूळ फिल्म या वसंतात काढली. कडा आकसून उचलल्या होत्या, आता ठेवण्यात अर्थ नव्हता. हीट गन लावून, इंच इंच करत. तसली फिल्म आता मिळत नाही. ज्यांच्याकडे मिळेल म्हणाले त्यांनी महोगनी म्हणून नमुना पाठवला तो जांभळट निघाला, वर दर फुटावर तीच गाठ, तीच गाठ. स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. म्हणून हाताने रेषा काढायचं आधीच ठरवलं होतं. खाली नारिंगी-बदामी बेस, वर गडद तपकिरी पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा थर, ती ओली असेतोवर लांब केसांचा ब्रश एका दमात ओढायचा, डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये हात उचलायचा नाही. उचलला की फळी तिथेच तुटल्यासारखी दिसते. प्लायवूडच्या तुकड्यांवर मी हिवाळाभर सराव केलाय. तळघरात चाळीसएक तुकडे पडलेत. शेवटचे सहा असे झालेत की बायको म्हणाली, "हे खरं लाकूड आहे ना?" वर ऊन सोसणारा क्लिअर कोट बसला की काम झालं.

पण ग्लेझच्या आधी बेस लागतो. आणि बेसला अकरा भोकं.

आज संध्याकाळी पुन्हा सगळा बेस उतरवला. विंडशील्डच्या पायांची आठही स्क्रूची भोकं मोठी करून, आतून स्वच्छ करून इपॉक्सीने बंद केली. रंग आधी, नवी भोकं नंतर. आता सिलिकोन लपायला जागाच ठेवलेली नाही. वाळायला दोन दिवस, मग पुन्हा पेपर, पुन्हा दोन फडकी, पुन्हा पहाटे सहा. लेबर डेला, म्हणजे इथला उन्हाळा संपतो त्या सुट्टीला, तीन आठवडे आहेत.

आणि एक केलंय. डॅशबोर्ड मोकळाच होता, त्याच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवलंय. कुठे पॉलिएस्टर आहे, कुठे इपॉक्सी आहे, ट्रान्समचा प्लायवूड कोणत्या महिन्यात बदलला, कोणत्या भोकात कोणतं सीलंट, डेकच्या बेसचा रंग कोणता. इंग्रजीत लिहिलंय, पुढचा मालक कोण असेल माहीत नाही. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत, दोनदा गिरवून: सिलिकोन लावू नका.